पक्क्या शिवणीला कात्री

आमच्याकडे दरवर्षी पाहुणे येतात. खाण्यापिण्याचे नव्हेत, कामाचे. दुसऱ्या देशांतून इथे पवनऊर्जा शिकायला आलेली मुलंमुली, ज्यांना शिक्षण पुरं करायला काही महिने पवनचक्क्यांवर काढावे लागतात. कंपनीच्या भाषेत ते इंटर्न. आम्ही त्यांना पाहुणे म्हणतो, कारण येतात तेव्हा त्यांना काही येत नसतं आणि जरा कुठे यायला लागलं की ते निघून जातात.

मी या कंपनीचं स्टोअर सांभाळते. हेल्मेट, हातमोजे, दोर, अंगाला बांधायचे बेल्ट, सगळं माझ्या खिडकीतून बाहेर जातं आणि माझ्याच खिडकीतून परत यावं लागतं. न आल्यास मी काय करते ते विचारू नका. माझी मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेल्यापासून घरातली मागची खोली रिकामी होती, ती मी पाहुण्यांना देते. ज्याच्याविषयी सांगतेय तो मुलगा तिथेच राहायचा.

सडपातळ, नको इतका नम्र, आणि दार लावताना आवाज होऊ नये म्हणून स्वतःचं बोट चेमटून घेणारा. आल्यावर चारच दिवसांत त्यानं माझ्या कोटाचा फाटका खिसा न सांगता शिवून ठेवला. टाके इतके बारीक की मला आधी वाटलं, मी चुकून दुसऱ्या कुणाचा कोट उचलून आणला. विचारलं तर लाजला. त्याचे वडील शिंपी. मशीनच्या पायाशी चिंध्यांवर झोपूनच तो लहानाचा मोठा झालेला. वडिलांबद्दल बोलायला लागला की या मितभाषी माणसाला आवरावं लागायचं. बाबा पाठीमागून माणूस पाहून माप सांगतात, बाबांनी शिवलेली शिवण कापड फाटलं तरी उसवत नाही, असं ते पुराण. कामावरही सगळ्यांना ते तोंडपाठ झालं होतं. कुणाचं बटण तुटलं तरी लोक पाहुण्याकडे जायचे.

वडिलांच्या दुकानाला आठवड्यातून एक दिवस सुट्टी. त्या दिवशी त्याचा घरी फोन. एरवी गिऱ्हाइकांच्या गर्दीत बाबांना धड बोलता यायचं नाही, म्हणून तो त्या दिवसाची वाट पाहायचा. माझ्या स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून तासभर बोलत राहायचा; ऐकून ऐकून त्यांची भाषा मलाही कळायला लागली होती. पवनचक्कीच्या पायथ्याशी हेल्मेट आणि बेल्ट घालून काढलेला त्याचा फोटो वडिलांनी मोठा करून मशीनच्या मागे भिंतीवर लावला होता. माप द्यायला जो येईल त्याला दंड मोजता मोजता सांगायचे, ‘हा माझा मुलगा. पवनचक्कीवर चढतो.’

मुलगा अजून चढलेला नव्हता. त्याला उंचीची भीती वाटायची. साधीसुधी नाही, हातपाय गार पडणारी. हे त्यानं कुणालाही सांगितलं नव्हतं. प्रशिक्षणाच्या शेडमधली शिडी बुटकी होती, तेवढी तो डोळे मिटून चढून गेला होता. पुढचं जमलं नाही तर इंटर्नशिप पुरी होणार नाही, ती पुरी झाली नाही तर शिक्षण अडेल, आणि शिक्षण अडलं की या देशात राहायची परवानगी संपली, असा त्याच्या डोक्यातला हिशोब. जमिनीवर, कंट्रोल रूममध्ये बसूनही इंटर्नशिप पुरी करता येते. तोंड उघडून विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. पण तोंड उघडायचं तर आधी भीती कबूल करायला हवी.

वर नेहमी दोघांनी जायचं असतं. त्याची जोडी लागली सावकाशकाकांशी. काका आमच्याकडचे सगळ्यात जुने तंत्रज्ञ. दर दोन वाक्यांमागे ‘सावकाश’ म्हणतात म्हणून हे नाव. रोज सकाळी माझ्या खिडकीपुढच्या फळीवर आपला बेल्ट पसरायचे आणि एकेका शिवणीवरून बोट फिरवायचे. मागे रांग लागायची. मी म्हणायची, ‘लग्नाचं कापड निवडताय का काका?’ ते मान वर न करता म्हणायचे, ‘सावकाश.’

आता एक नियम सांगते, कारण सगळं त्याच्यावरच आहे. काम चालू असताना कुणीही ‘थांबा’ म्हणू शकतं. साहेब असो, झाडणारा असो, काल आलेला पाहुणा असो. म्हणणाऱ्याला कारण विचारायचं नाही. त्याला सांगावंसं वाटलं तर तो सांगेल. काम मात्र तिथल्या तिथे बंद. आमच्या सेफ्टीवाल्या मॅडम या नियमाला फार जपतात, आणि खरं सांगायचं तर मीही.

त्या दिवशी मी तिथे नव्हते, पण तिघांच्या तोंडून ऐकलं आणि नंतर त्याच्या स्वतःच्या. पवनचक्कीच्या खांबाचं दार उघडून हे आत गेले. आत सरळ वर जाणारी शिडी, अरुंद, आणि वर पाहिलं की शेवट दिसतच नाही. काका पुढे झाले, त्यांनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या पाहुण्यानं वर पाहिलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. तो म्हणाला, ‘थांबा.’

काका थांबले. खाली उतरून शांत उभे राहिले. दाराशी आणखी दोघे होते, तेही गप्प. कुणी काही विचारलं नाही. नियमच तसा. पण ती शांतताच त्याला सोसेना. सगळ्यांना कळलंय, सगळे मनात हसतायत, असं त्याला वाटलं. आणि कुणी न विचारताच तो बोलून गेला, ‘काका, तुमच्या बेल्टची पाठीमागची शिवण उसवायला लागलीय.’

पाठीवरची शिवण, जी घालणाऱ्याला दिसत नाही. दाराशी उभे असलेले दोघे पुढे झाले, वाकून बघू लागले. शिवणीच्या टोकाला दोऱ्याचं एक शेपूट होतं, तसं ते प्रत्येक बेल्टला असतंच. पण शिंप्याचा मुलगा म्हणतोय म्हटल्यावर दोघांनाही शिवण सैल दिसायला लागली. बेल्ट माझ्याकडे आला तेव्हा, कशाला खोटं सांगू, मलाही दिसली.

शंका आलेला बेल्ट आम्ही ठेवत नाही. चुकून कुणाच्या अंगावर जाऊ नये म्हणून तिथेच कापून टाकतो. मॅडम आल्या, त्यांनी पाहुण्याची पाठ थोपटली आणि म्हणाल्या, कापायचा मान त्याचाच. मी कात्री दिली. सगळे जमलेले. त्यानं कात्री धरली ती अशी सहज, की या हाताचा कात्रीशी जुना घरोबा आहे हे आंधळ्यालाही कळावं. पण पट्टा कापता कापेना. त्यानं दोन्ही हातांनी जोर लावला. अखेर तुकडे पडले, तरी शिवण जिथल्या तिथे होती. त्याच्या कपाळावर घाम आला होता. मला वाटलं, पट्टा जाड आहे म्हणून. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मॅडमनी त्याचा फोटो भिंतीवर लावला, खाली लिहिलं, ‘यानं थांबा म्हटलं.’ कॉलेजला कौतुक कळवलं, कॉलेजनं ते त्याच्या घरी कळवलं. पुढच्या फोनला वडिलांचा आवाज टेबलाच्या पलीकडे मला ऐकू येत होता, इतके ते खुशीत. गल्लीत सगळ्यांना सांगून झालं होतं. शिंप्याच्या डोळ्यानं परक्या मुलखात एका माणसाचा जीव वाचवला, म्हणत होते. हा नुसता ‘हो बाबा, हो बाबा’ करत होता. फोन ठेवून उठला आणि न जेवता खोलीत गेला. मला वाटलं, घरची आठवण. मी थट्टाही केली की नवऱ्या मुलीसारखं तोंड का पाडलंय म्हणून.

इकडे काकांचं वेगळंच सुरू झालं होतं. नवा बेल्ट फळीवर पसरायचे, बोट फिरवायचे, मग मला म्हणायचे, ‘तुम्ही एकदा बघा हो.’ मी बघायची. मग मागच्या माणसाला म्हणायचे, ‘तूही बघ.’ डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं उत्तम आहेत. त्यानं तर काकांना जास्तच घोर लागला. डोळे चांगले असून दिसलं नाही, म्हणजे आपलं लक्षच नव्हतं, असा त्यांनी अर्थ काढला. एक दिवस माझ्या खिडकीशी उभे राहून सांगू लागले की त्यांनी मॅडमकडे खालचं काम मागितलंय. म्हणाले, ‘मला माझ्या बेल्टची शिवण दिसली नाही. मी दुसऱ्याच्या पोराला वर कसा नेऊ?’ आयुष्यभर वर गेलेला माणूस. बोलताना फळीवरची नसलेली धूळ झटकत होता.

घरी येऊन मी जेवताना हे पाहुण्याला सांगितलं. वाईट वाटलं म्हणून सांगितलं, दुसरं काही मनात नव्हतं. त्याचा हात ताटातच राहिला. मग मान खाली घालूनच त्यानं सगळं सांगितलं. शिवण पक्की होती. त्याला पहिल्यापासून माहीत होतं. कापताना तर हातालाच कळत होतं.

मला राग आला. भयंकर आला. मी त्याला नको ते बोलले. म्हणाले, तुझ्या भीतीपायी एका भल्या माणसाचा स्वतःवरचा विश्वास तू कात्रीनं कापलास. तो म्हणाला, ‘मावशी, मला स्वतःची इतकी लाज वाटते की आरशात बघून दाढी करवत नाही.’ त्याची हनुवटी खरोखरच ठिकठिकाणी कापलेली होती. मला दया यायला हवी होती, पण आली नाही. मी म्हणाले, ‘मला सांगून काय उपयोग? ज्याला सांगायचं त्याला सांग.’

सकाळी काम सुरू होण्याआधी सगळे शेडमध्ये जमतात. तिथे जायच्या आधी तो मॅडमकडे गेला. त्या हादरल्या. कॉलेजला खरं कळवावं लागेल म्हणाल्या, पण सगळ्यांसमोर बोलू नको असंही म्हणाल्या. एकदा ‘थांबा’ खोटं ठरलं की पुढच्या वेळी म्हणणाऱ्याकडे लोक संशयानं बघतील, हे त्यांचं म्हणणं. त्यात तथ्य होतं. त्यानं ऐकून घेतलं, पण काकांच्या माथी चूक सगळ्यांसमोर लागली होती, म्हणून तो सगळ्यांसमोरच उभा राहिला. कानापर्यंत लाल झाला होता. ‘शिवण उसवली नव्हती. मला वर जायची भीती वाटत होती. मी खोटं बोललो.’ एवढंच बोलला आणि जमिनीकडे बघत राहिला.

काका बाकावर बसले होते. त्यांनी विचारलं, ‘म्हणजे मी सकाळी बघितलं तेव्हा बेल्ट ठीक होता?’

‘हो काका. एकदम ठीक होता.’

काकांनी डोळ्यांवरून हात फिरवला. त्यांचा जीव भांड्यात पडलेला दिसत होता, आणि त्याचबरोबर त्यांना काहीतरी लागलेलंही दिसत होतं. मग म्हणाले, ‘अरे, तू थांबा म्हणालास आणि मी थांबलो होतो. तेवढं पुरे होतं की. मी कुठे काय विचारलं तुला?’

रागावले असते तर बरं झालं असतं, असं तो मला नंतर म्हणाला. काकांच्या त्या बोलण्यानं त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याचा फोटो भिंतीवरून निघाला. उरलेले दिवस त्यानं माझ्या स्टोअरमध्ये काढले. कॉलेजनं त्याला काढून टाकलं नाही, पण इंटर्नशिप धरली नाही, पुढच्या वेळी पहिल्यापासून करायला सांगितलं. राहायची परवानगी टिकली. म्हणजे ज्याच्यासाठी जीव टांगणीला लागला होता ते सगळं वाचलं. काका परत वर जायला लागले. मात्र अजूनही बेल्टची पाठीमागची बाजू ते दोनदा बघतात. पूर्वी एकदाच बघायचे. मी हल्ली लग्नाच्या कापडाची थट्टा करत नाही.

एक जण राहिला होता. आठवड्याचा फोनचा दिवस आला. तो टेबलाशी येऊन बसला आणि मी उठायला लागले तर म्हणाला, ‘मावशी, बसा ना.’ म्हणून मी भाजी निवडत बसले.

त्यानं वडिलांना सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. उंचीची भीती, शिवण, काकांचे डोळे, शेडमधली सकाळ. मधेच पलीकडून काहीतरी आनंदानं बोललं जात होतं, ते हळूहळू थांबलं. मला वाटलं, फोन कट झाला. मग वडिलांनी एकच प्रश्न विचारला.

‘ती पक्की शिवण कापली कोणी?’

‘मी, बाबा.’

मग वडील म्हणाले, ‘बरं. ठेवतो आता. गिऱ्हाईक खोळंबलंय.’

त्यानं फोन टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसला. मी भाजीची निवडलेलीच पानं पुन्हा निवडायला घेतली. शेवटी तोच म्हणाला, ‘मावशी, आज दुकान बंद असतं.’