दोन मोटरींचं धम्मचक्र

वडनेरच्या आमच्या विहाराच्या फाटकावर लोखंडी धम्मचक्र बसवायचं ठरलं, तेव्हा समितीतले सगळे म्हणाले, नागपूरहून आणू. एकटे बाबा उठले. "माही पोरगी वर्ध्याले कारखान्यात पत्रा कापाची मशीन चालवते. थे करन." जन्मभर एसटी चालवलेला हा अबोल माणूस, सभेत पहिल्यांदा बोलला. मला आभाळ ठेंगणं झालं.

मशीनला दोन मोटरी. एक, पत्र्यावरचा अख्खा जड आडवा पूल लांबीत ढकलते, दुसरी त्या पुलावरचा नुसता टॉर्च, म्हणजे पत्रा कापणारी ज्योत, रुंदीत नेते. दोघी एकमेकींच्या मापानं चालल्या तरच पत्र्यात गोल कापला जातो. सेटिंग माझ्याकडे. मी दोघींना एकेकटं चालवून पाहिलं. हलकी मोटर काय सुळ्ळकन पळत होती! मी तिला आणखी तेज केलं. रेघा सरळ आल्या, झालं, माझं समाधान झालं.

त्याच सेटिंगवर कापलेलं चक्र गावात उतरलं. आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, त्याच्याभोवती दोनदा फिरली.

"काऊन वो बाई, हे अंड्यावाणी काऊन दिसून राह्यलं?"

मी भडकलेच. "आत्या, मशीनच्या स्क्रीनवर एकदम गोल आहे!"

"मंग स्क्रीन टांगतं का फाटकावर?"

तिनं दोरा आणला. एका तिरप्या आऱ्यावरून काठापासून काठापर्यंत धरून गाठ मारली, मग दुसऱ्या बाजूच्या तिरप्यावर धरला. चांगला दोन बोटं फरक! समितीनं बाबांकडे पाहिलं. बाबा आपल्या चपला पाहत बसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी आधी मशीनला शिव्या घातल्या, मग डोकं चालवलं. स्क्रीन दाखवते ते मी सांगितलेलं. मोटरींनी काय केलं ते नाही. हलकी आपल्या जागी पोचायची, जड अजून वाटेतच, म्हणून गोल तिरपा ताणला जायचा. जड मोटरीला पळवायला गेले तर पूल थडथडायला लागला. मग आठवलं, आत्यासोबत बाजारात जायचं तर बाबांनाच पाय आवरावे लागतात. आत्या काही पळायची नाही. शेवटी माझ्या लाडक्या मोटरीला हळू केलं. जिवावर आलं, खोटं कशाला बोलू!

मालकाची बोलणी खाऊन दुसरा पत्रा कापला. बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी चक्र पुन्हा विहारात. आत्या म्हणाली, "दिसते ना गोल. लावा आता."

तर बाबा उठले, तिच्याकडून दोरा घेतला आणि अख्ख्या समितीसमोर एकेक आरा मोजायला बसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बाबा, माझ्यावर भरोसा नाही का?"

"हाय न," बाबा मान वर न करता म्हणाले, "म्हणून त सगळ्याइच्या समोर मोजून राह्यलो." आणि त्यांनी दोरा पुढच्या आऱ्यावर धरला.