नानांनी सरकवलेली रेघ

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेतच होतो. धुळ्याच्या आमच्या प्रयोगशाळेत सगळी नोकरी तंत्रज्ञ म्हणून काढलेला माणूस, निवृत्तीनंतरही आठवड्यातून एकदा डोकावणारा... महिना झाला, अजून खरं वाटत नाही.

आमचं काम सांगायला सोपं. कोंबडीच्या मांसातले जंतू काचेच्या बशीत वाढवायचे, मध्ये औषधाची चकती ठेवायची आणि तिच्याभोवती जंतू न वाढता जेवढं स्वच्छ कडं राहतं ते मोजायचं. कडं ठरलेल्या रेघेपेक्षा लहान निघालं, की जंतू त्या औषधाला दाद देत नाहीत. ती रेघ मी पुस्तकातून उचलली होती, आजारी माणसाच्या उपचारासाठी ठरवलेली. नोकरीत असताना एकदा नानांनी वर्षभराची मापं माझ्यापुढे मांडली. बहुतेक कडी मोठी, एका ठिकाणी गोळा झालेली. थोडी लहान, वेगळी पडलेली, पण तीही माझ्या रेघेच्या वरच. "भाऊ, हाई रेघ माणूसना औषधनी शे," ते म्हणाले. "जंतू बदलाले लागना, ते तठे दिसत नही." त्यांना रेघ त्या दोन घोळक्यांच्या मधे हवी होती.

मग त्यांनीच सांगितलं, की लहान कडी दोंडाईचाजवळच्या एका पोल्ट्रीची आहेत, आणि पोल्ट्री त्यांनी लेकासारख्या वाढवलेल्या पुतण्याची, संजूची. मी कच खाल्ली. राहू द्या म्हटलं, पुस्तकातल्या रेघेला कोण नावं ठेवणार? नाना चिडले नाहीत, नुसती पेन्सिल माझ्या हातात दिली. मी रेघ सरकवली, अहवाल गेला, बातमी फुटली, संजूचा माल कुणी उचलेना आणि संजूनं नानांशी बोलणं टाकलं. ती दिवाळी नानांनी एकट्यानं काढली. मला त्यांचा रागच यायचा, एवढा ताठपणा कशाला...

गेल्या आठवड्यात संजू स्वतः बर्फाच्या डब्यात नमुने घेऊन आला. "आते कोंबडीस्ना पाणीमा दवाई टाकत नही मी. एकडाव मोजी द्या." निकालाच्या दिवशी तो माझ्या शेजारीच उभा होता. कडी थोडी वाढली होती, पण रेघेपेक्षा लहानच. एखाद्या मिलिमीटरचा प्रश्न, नजर जराशी सैल सोडली असती तर निभावलं असतं, आणि बघायला नाना नव्हते. मी पुन्हा मोजलं आणि खरं ते सांगितलं.

संजूनं बशी एकदा उजेडात धरून बघितली. मग नानांच्या स्टुलावर बसला. "काका बी असाच व्हतात," तो म्हणाला. "पुढला महिनामा परत नमुना लई येसू."