धुळ्याची लाइन

यजमान गेले, त्याला काही महिने झाले. घर शांत आहे आणि त्या शांततेबद्दल माझी तक्रार नाही. आम्ही दोघंही कमी बोलणारीच. म्हणून गंमत वाटते, की एकदा माझी नोकरी जायची वेळ आली होती ती मी त्यांच्याशी फार बोलते म्हणून.

ऐंशीच्या दशकात मी जळगावला टेलिफोनच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये, म्हणजे परगावचे फोन जोडून देणाऱ्या कचेरीत, हंगामी ऑपरेटर होते. पिंप्राळ्याहून सायकलने जायचे. आम्ही बायका बोर्डासमोर ओळीने बसायचो. एखाद्या गावाचा दिवा लागला, की तिथे दोर खुपसायचा, पलीकडच्या ऑपरेटरशी नंबरांची देवघेव करायची आणि माणूस फोनवर येईपर्यंत लाइन धरून ठेवायची. वडिलांनी घरी सांगितलं होतं, "कायम झालीस तर नोकरी कर. नाहीतर उन्हाळ्यात लग्न उरकू."

लाइन धरून बसल्या बसल्याच धुळ्याच्या ऑपरेटरशी बोलणं सुरू झालं. तो तिथल्या वाचनालयाचा सभासद, मी इथल्या. "ती कादंबरी मिळाली का?" "अजून नाही." इतकंच. आम्ही एकमेकांना पाहिलेलंही नव्हतं.

शेजारी बसणाऱ्या अक्कांनी ते ऐकलं आणि चहाच्या वेळी सगळ्यांना सांगितलं. मग धुळ्याचा दिवा लागला, की सगळ्याजणी हात आखडून घ्यायच्या.

"आम्ही नाही बाई उचलत. जावईबापूंचा फोन!"

"अगं, केस तरी सारखे कर. धुळ्याहून दिसतं हं!"

हसण्यावारी नेता आलं असतं, पण मला ते जमलं नाही. डोकं कामात राहीना. भुसावळ मागणाऱ्याला मी चाळीसगाव जोडून दिलं. धुळ्याशी फक्त आकडे बोलू लागले. त्याने विचारलं, "माझं काही चुकलं का?" मी म्हटलं, "नंबर सांगा." पुढे तर तो दिवा पाहूनही मी दुसरीकडे बघू लागले. बाकीच्या मुद्दाम उचलत नव्हत्या, मी लाजेने. दिवा तसाच जळत राहायचा.

शेवटी धुळ्याच्या फोनसाठी खोळंबलेला धरणगावचा एक कापूस व्यापारी ओरडला, "बाई, धुये काय परदेसमा शे का? सकायपासून बठेल शे मी!" त्याची तक्रार आमच्या सुपरवायझरकडे गेली. त्यांना आम्ही नाना म्हणायचो. बायकांची चेष्टा त्यांच्याही कानावर गेली होती. त्यांच्या शिफारशीशिवाय कुणी कायम होत नसे.

"धुळ्याशी काय बोलतेस?" त्यांनी विचारलं.

"पुस्तकांबद्दल, नाना."

"उद्या ऐकतो."

नानांच्या हेडफोनवरून कुठलीही लाइन ऐकता येई. दुसऱ्या दिवशी तो कानाला लावून ते माझ्या मागेच बसले. धुळ्याने आज गप्प राहावं, अशी मी मनात विनवणी करत होते. धुळ्यामार्फत जोडायच्या दोंडाईच्याच्या माणसाची वाट पाहताना तो म्हणाला, "कादंबरी संपली. त्या विधवेने शेवटी लग्न करायला हवं होतं."

गप्प बसले असते तर बायकांचं म्हणणं खरं ठरलं असतं. आणि त्याचं मत मला मुळीच पटलं नव्हतं. "कशाला?" मी म्हटलं. "तिला शाळा चालवायची होती. तिचं काय अडलं होतं?"

"एकटी पडली ती."

"लेखकाला तसं वाटतं. तिला नाही."

दोंडाईचा लागेपर्यंत आम्ही भांडलो. नानांनी हेडफोन काढला आणि ते पोट धरून हसले.

"ऐका गं बायांनो," ते म्हणाले, "हे दोघं पुस्तकातल्या बाईचं लग्न जमवताहेत. स्वतःच्या लग्नाचं काढायला यांना फुरसत कुठे? उद्यापासून धुळे हिच्याकडे. आणि ज्या कुणाला त्यावर बोलायचं असेल, तिने भुसावळही घ्यावं आणि चाळीसगावही."

भुसावळची लाइन सगळ्यांत गर्दीची. चेष्टा तिथेच थांबली. धुळे लवकर लागू लागलं, माझ्या चुका थांबल्या आणि पुढे मी कायम झाले. वडिलांनी उन्हाळ्याचा विषय पुन्हा काढला नाही.

बायकांचं बोलणं पुढे खरं ठरलं. आमच्या लग्नात अक्का सगळ्या मांडवाला सांगत होत्या, "आधी कोण म्हणालं होतं? मीच!" मी ते श्रेय त्यांना देऊन टाकलं. पण तोवर मध्ये तीन-चार वर्षं गेली होती. नोकरी पक्की होती, घाई कुणाचीच नव्हती. मला ते माणूस म्हणून कसे आहेत हे सावकाश पाहता आलं, आणि मी ते अगदी सावकाशच पाहिलं.