सोबतीला आत्या

माणसाने एकट्याने कुठेही जाऊ नये, असं माझ्या आत्याचं ठाम मत होतं. कुठेही म्हणजे कुठेही. "जन्माला येतानासुद्धा आई सोबत असतेच की," असं ती म्हणायची, आणि यावर काय बोलणार, कपाळ! ठाकुर्लीत आमच्या सोसायटीत कुणाचा दात काढायचा असो, कुणाला बँकेत जायचं असो, आत्या खांद्याला पिशवी अडकवून हजर. पिशवीत पाण्याची बाटली, आवळासुपारी, सेफ्टी पिना आणि दुसऱ्याला लागेल म्हणून एक जादा रुमाल. दातांच्या डॉक्टरांनी पेशंटला आ करायला सांगितलं की कोपऱ्यातल्या खुर्चीत हीसुद्धा आ करायची. शेजारच्या ताईला दाखवायला नेलं तेव्हा मुलाच्या आईने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं ताईआधी हिनेच देऊन टाकली. लग्न जमलं, ते बहुधा आत्याशीच जमलं असावं. त्या ताईच्या मधुचंद्रालाही ती गेली असती, पण माथेरानची हवा तिला मानवायची नाही. स्वतःचं लग्न तिने केलं नाही. का, ते कुणी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

तर अशी आत्या घरात असताना मी कॉलेजला लागले. मी म्हणजे घाबरटपणाचा कळस. शाळेत निदान सगळ्या ओळखीच्या मुली होत्या, इथे कल्याणला कॉलेजच्या गेटावर ती गर्दी बघितली आणि माझे पाय मागेच वळले. पहिल्या दिवशी गेटावरूनच परत आलेले. दुसऱ्या दिवशी तेच. बाबा म्हणाले, "होईल सवय." आत्या भाजी चिरत होती. म्हणाली, "अरे, पण सवय होईपर्यंत कुणी नको का?" आणि सकाळी इस्त्रीची साडी नेसून दारात उभी!

गेटावर वॉचमनने अडवलं. "पालकांना शनिवारी भेट असते, मावशी."

"मी पालक कुठे म्हटलं? मी हिची सोबत आहे."

कॉलेजच्या नियमांत सोबतीविषयी काहीच लिहिलेलं नसावं. त्याने सोडलं. तेव्हापासून बदामाच्या झाडाखालचा कट्टा आत्याचा झाला. माझे तास संपेपर्यंत ती तिथे बसायची. मी वर्गात कुणाशी बोलत नव्हते, आणि ती खाली सगळ्यांशी बोलत होती. वॉचमनचं बीपी, लायब्ररीतल्या मॅडमच्या मुलाची दहावी, सगळं तिला ठाऊक. शीळफाट्याकडून बाइकवर येणारी, वर्गात कधीच न दिसणारी पोरंसुद्धा "आत्या, भूक लागलीय ना यार, लाडू काढ ना," करत तिच्याभोवती जमायची. ती लाडू द्यायची आणि लगेच हाकलायची, "जा रे मेल्यांनो, तासाला बसा. माझी पोरगी एकटी आहे तिथे." पोरं खरंच वर यायची आणि माझ्या मागच्या बाकावर धपकन बसायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण खिडकीतून कट्ट्यावर तिची साडी दिसली नाही तर माझं फळ्याकडे लक्षच लागायचं नाही, तेही खरं.

एकदा वर्गापुढे उभं राहून बोलायचं होतं. घरी आठवडाभर घोकलेलं, आणि फळ्यासमोर उभी राहिले तर तोंडातून आवाजच फुटेना. इतक्यात दाराबाहेरून कुणीतरी माझं पहिलं वाक्य बोललं. मग दुसरं. कट्टा सोडून वर आलेल्या आत्याला माझी घोकंपट्टी ऐकून ऐकून सगळं पाठ झालेलं! सर म्हणाले, "बाहेर कोण आहे?" आणि अख्खा वर्ग एका सुरात, "आत्या!" मला इतकं हसू आलं, इतकं हसू आलं, की हसता हसताच मी बोलायला लागले आणि शेवटपर्यंत बोलले. त्या दिवसापासून मला मैत्रिणी मिळाल्या.

दिवाळीनंतर आत्या म्हणाली, "गुडघा कुरकुरतोय गं. आणि तुला आता जमतंय की." मला खरंच जमत होतं. मी एकटी जायला लागले. संध्याकाळी मात्र तिला सगळा अहवाल द्यावा लागायचा, वॉचमनच्या बीपीसकट. ती ऐकता ऐकता मधेच डोळे मिटायची. मला वाटायचं, दमली असेल.

शेवटचा पेपर देऊन घरी आले तेव्हा बाबांनी सांगितलं, आत्याला पोटाचा कॅन्सर आहे, उद्या ऑपरेशन. कित्येक महिने ती माजिवड्याच्या हॉस्पिटलात जात होती. तपासण्यांना, रिपोर्टांना. घरी म्हणायची, भजनाला जाते. बाबांनाही आदल्या दिवशीच कळलेलं.

मी तिच्यावर ओरडलेच. "एकटी गेलीस? तू? एकटी?"

"तुझं पहिलं वर्ष होतं ना गं. नुकती कुठे बोलायला लागलेलीस. हे कळलं असतं तर परत गेटावरूनच घरी आली असतीस." मग माझी समजूत काढत म्हणाली, "आणि एकटी कसली? तिथे एक बाई होती, बिचारीबरोबर कुणीच नव्हतं. मग मी तिच्याच सोबतीला बसायचे."

मी रडत होते आणि ही मला त्या बाईच्या सुनेची गोष्ट सांगत होती.

सकाळी तिला आत नेताना मी तिचा हात धरून चालत होते. दाराशी सिस्टरने मला थांबवलं. "इथून पुढे सोबत नाही चालत." मला वाटलं, आत्या हिच्याशी वाद घालेल. तिने घातला नाही. माझा हात सोडला आणि म्हणाली, "इथेच बस हं. घाबरू नकोस."

मी बसून राहिले. डॉक्टर बाहेर येऊन बाबांशी बोलले, बाबा भिंतीला टेकून खाली बसले, तरी मी उठले नाही.

आता मी दुसऱ्या वर्षाला आहे. सगळीकडे एकटी जाते. लोक म्हणतात, पोरगी धीट झाली. धीट कसली डोंबल! अजूनही एखाद्या अनोळखी दारापाशी पाऊल अडखळतं, आणि तेव्हा तिचाच विचार येतो. मला घाबरू नकोस म्हणाली. तिला भीती वाटत होती का, ते मी विचारलंच नाही.