बधिर करणारे मामा

बधिरता या एका गोष्टीवर आमच्या धाकट्या मामांचं जेवढं प्रेम होतं, तेवढं लोक स्वतःच्या मुलाबाळांवरही करत नसतील. ते दातांचे डॉक्टर होते, पण दात हे निव्वळ निमित्त होतं. मामी म्हणायच्या, "यांना दात काढायचाच नसतो. दात काढण्याआधीची ती सुई द्यायची असते, आणि सुईच्या आधीचं भाषण." नव्वदीच्या दशकात मी गुजरातेत पर्वत पाटियाजवळ एका साडीवाल्या पेढीत नोकरीला लागलो आणि गोडादऱ्यात मामांकडे राहायला गेलो. दवाखाना घराच्या पुढच्याच खोलीत होता. मागच्या गल्लीतल्या लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, खडखडाट दिवसभर भिंतीतून यायचा, त्यामुळे मामांचं भाषण ते देत नसून गर्जत आहेत असं वाटायचं. संध्याकाळी कामावरून आलो की मी बाकावर बसून ते ऐकत असे. दुसरी करमणूकही नव्हती.

भाषण सगळ्यांना सारखंच. खुर्चीत लूमचा कारागीर असो, भाजीवाली असो की शेजारचे गुजराती किराणावाले काका असोत, मामा त्यांचं तोंड उघडायला लावत आणि मग, ते बोलू शकत नाहीत याची खात्री झाल्यावर, सुरू करत. "नसेच्या भिंतीला बारीक दरवाजे असतात. दात दुखला की त्या दरवाजातून सोडियम आत घुसतं आणि दुखल्याची बातमी डोक्याकडे पळते. आपलं लिग्नोकेन काय करतं? नसेच्या आत शिरतं आणि त्या दरवाजाला आतून कडी घालतं. दात बोंबलतो, पण डोक्याला पत्ता नाही. कळलं?" समोरचा "आ" म्हणायचा. मामा त्याचा अर्थ 'कळलं' असा घ्यायचे आणि पुढे जायचे. किराणावाले काका एकदा तोंड मिटल्याबरोबर म्हणाले होते, "साहेब, दरवाजो बंद करो के खुल्लो राखो, दांत काढो ने!"

नवीन औषध बाजारात आलं की मामा आधी ते स्वतःच्या ओठात टोचून बघायचे. असं करू नये हे त्यांना चांगलं ठाऊक होतं, पण माहीत नसलेली चीज दुसऱ्याच्या तोंडात कशी घालायची, असा त्यांचा सवाल असे. माझ्या मामेबहिणीला बघायला जळगावचे पाहुणे आले त्या दिवशी दुपारी मामांनी ब्युपिव्हाकेन आजमावलं होतं. ते लांब पल्ल्याचं औषध. पाहुणे आले तेव्हा मामांचा खालचा ओठ एका बाजूला लोंबत होता आणि चहा हनुवटीवरून सदऱ्यावर उतरत होता. मुलाची आई हळूच मामींना म्हणाली, "यांना लकवा कधी झाला?" मामी म्हणाल्या, "लकवा नाही हो, नवीन बाटली आलीय." त्या वाक्याचा पाहुण्यांनी भलताच अर्थ घेतला आणि ते लग्न जमायचं राहिलं. मामांना त्याचं वाईट वाटलं. पण ओठ रात्रीपर्यंत बधिर राहिला याचा आनंदही त्यांना लपवता आला नाही.

सुई दिल्यावर ते थांबत. गल्लीतले दुसरे डॉक्टर सुई काढली की लगेच पक्कड लावत. मामा खुर्चीशेजारी स्टूल ओढून बसत, गाव कुठलं, यंदा पाऊस कसा, असं विचारत आणि मधूनमधून हिरडीला टोचून पाहत. जरासंही कळलं तर पुन्हा थांबत. बाकावरची माणसं कंटाळून उठून जात. मामांचं तिकडे लक्षही नसे.

अशातच एका संध्याकाळी सुमनताई आल्या. अंमळनेरकडच्या. नवरा लूमवर आणि त्या घरी साड्यांचे धागे कापायच्या. गाल टम्म सुजलेला, अंगात ताप, जबडा जेमतेम दोन बोटं उघडत होता. सुई बघताच त्या खुर्चीतून उठल्याच. "माले सुई नको. मन्हा जीव जाई."

नवऱ्याने सांगितलं. पूर्वी दुसरीकडे एकदा सुई दिली होती, तेव्हा काळीज धडधडलं, हातपाय कापले, डोळ्यांपुढे अंधारी आली. तिथे सांगितलं की हे औषध हिला सोसत नाही, पुन्हा घेतलं तर जिवावर बेतेल. "तर साहेब, सुई ऱ्हाऊ द्या. आम्ही चौघं धरतो तिले, तुमी उपटा."

मामांना मी त्याआधी कधी चिडलेलं पाहिलं नव्हतं. "माझ्या खुर्चीत कुणी कुणाला धरत नाही," ते म्हणाले. मग स्टूलवर बसून त्यांनी सुमनताईंना हळूहळू विचारलं. अंगावर पित्त उठलं होतं? नाही. खाज, सूज, धाप? नाही. धडधड लगेच झाली? हो, सुई असतानाच. मग? थोडं बसून पाणी पिऊन घरी चालत गेले.

"मग तो लिग्नोकेनचा दोष नसावा," मामा म्हणाले. "त्यात ॲड्रेनलिन घालतात, औषध जागेवर टिकावं म्हणून. माणूस घाबरला की अंगात तेच सुटतं. सुई रक्ताच्या नळीत गेली असेल, तर धडधडणारच." पण स्वतःच्या तर्कावर ते विसंबले नाहीत. हृदय तपासायला त्यांना ओळखीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. आणि दात तर लगेच काढता येणारच नव्हता. पू झालेली जागा आंबट होते, तिथे औषध नसेत शिरतच नाही, सुई दिली तरी दुखणारच. म्हणून आधी गोळ्या दिल्या आणि नवऱ्याला बजावलं, "गिळता येईना झालं तर माझ्याकडे येऊ नका, तडक मोठ्या दवाखान्यात न्या."

 पुढचे काही दिवस रोज सकाळी सायकल काढून मामा सुमनताईंच्या खोलीवर जात, दारातूनच तोंड उघडायला सांगत आणि परत येत. मामी मामांच्या चेहऱ्यावरूनच ओळखायच्या, सूज किती आहे ते. एकदा ते शीळ घालत आले आणि आम्हा सगळ्यांनाच हुश्श झालं.

हृदयात काही दोष नाही असं त्या डॉक्टरांनी कळवलं होतं, तरी दात काढायच्या दिवशी मामांनी ॲड्रेनलिन नसलेली बाटली घेतली. हिचा असर लवकर ओसरतो, त्यामुळे नेहमी तासन्‌तास थांबणाऱ्या माणसाला आज घाई करायची होती.  मामांनी सुमनताईंची बोटं स्वतःच्या मनगटावर ठेवली. "बघा, कुणाचं जास्त धडधडतंय?" त्यांनी बघितलं, आणि त्या चक्क हसल्या. मग मामांनी सुई जबड्याच्या मागे, मुख्य नसेपाशी नेली, दट्ट्या मागे ओढून रक्त येत नाही हे पाहिलं आणि थेंब थेंब औषध सोडलं.  शेवटी सुमनताईच जड जिभेने म्हणाल्या, "डाक्टर, आज काहीच सांगी नही राह्यनात?"

"आज मला भीती वाटतेय," मामा म्हणाले.

दात निघाला. सुमनताई कापूस दाबून बसल्या आणि एकदम रडायला लागल्या. मामा घाबरून खाली वाकले. "दुखलं?"

त्यांनी मान हलवली. "दुखनंच नही हो," त्या म्हणाल्या आणि आणखी रडल्या. नवरा दाराशी टोपी हातात धरून नुसता उभा होता.

काही महिन्यांनी त्याला इच्छापोरला ठेकेदाराकडे काम लागलं आणि ते बिऱ्हाड हललं. मामांना त्यांचा पत्ता विचारायचं सुचलं नव्हतं. एका रविवारी मला म्हणाले, "चल, जरा हजिरा रोडला फिरून येऊ." इच्छापोर त्याच रस्त्यावर होतं. कारखान्यांच्या भिंतींमागून आम्ही चाळीचाळीतून हिंडलो. मामा दारादारातून डोकावत होते, विचारत मात्र कुणालाच नव्हते. उन्हं उतरल्यावर स्टँडवर आलो. बराच वेळ बस नव्हती. मामा रस्त्याकडे बघत म्हणाले, "आता दोन्ही बाजूंनी चावून जेवत असेल ना रे ती?"

मला काय माहीत? पण मी हो म्हणालो. मामांनी मान डोलावली, आणि बस आली तेव्हा चढण्याआधी एकदा मागे चाळींकडे बघून घेतलं.