विजय कुणाच्या नावावर

अमेरिकन फुटबॉल हा खेळ मला कधीच आवडला नाही. तरीही जर्मनीत, आखन शहराजवळच्या एका छोट्या गावात, दोन हजारच्या दशकाच्या मध्यावर, मी एक अख्खा उन्हाळा त्या खेळाच्या टेप बघण्यात घालवला. कारण साधं होतं. माझा बॉस गावातल्या हौशी क्लबाचा क्वार्टरबॅक होता, आणि माझा नोकरीचा फर्ट्राग, म्हणजे करार, डिसेंबरअखेर संपत होता.

गिअरबॉक्स तपासणारी लहानशी कंपनी होती आमची. कुठला गिअरबॉक्स पुढे आवाज करणार हे तपासणीतच ओळखायची एक पद्धत मी बसवली होती. ती चालली होती, आणि कंपनीत कायमची एक जागा निघणार होती. ती मिळाली तर व्हिसाची कटकट संपणार होती, मुलीची किंडरगार्टन बदलावी लागणार नव्हती. जागा कुणाला द्यायची ते कंपनीचा मालक ठरवणार, आणि मालक बॉसच्या शब्दाबाहेर जात नसे.

जूनमध्ये बॉस कॉफीचा मग घेऊन माझ्या टेबलाशी आला. क्लबाच्या कार्यकारिणीत अमेरिकेहून एक क्वार्टरबॅक आणायचं घाटत होतं. "तू आकड्यांचा माणूस आहेस," तो म्हणाला. "मी खेळतो तेव्हा आपण जिंकतो, हे त्यांना नीट मांडून दाखव."

मी लगेच हो म्हटलं. त्या वेळी त्याने गवत कापायला सांगितलं असतं तरी हो म्हटलं असतं.

या खेळात क्वार्टरबॅक म्हणजे ज्याच्या हातात दर डावाला चेंडू पहिल्यांदा येतो तो. तो चेंडू फेकतो किंवा दुसऱ्याच्या हातात देतो. त्याच्यापुढे पाच आडदांड गडी उभे असतात. समोरच्यांना अंगावर घेऊन अडवायचं, एवढंच त्यांचं काम. सामना जिंकला की विजय क्वार्टरबॅकच्या नावावर लिहितात. त्या पाचांच्या नावावर काहीच लिहीत नाहीत, कारण त्यांचं काही मोजलंच जात नाही.

हे मला पचेना. मी पुण्यात कॉलेजच्या क्रिकेट टीमचा स्कोअरर होतो. तिथे झेल घेणाऱ्याचंही नाव बोलरच्या आधी लिहायचं असतं. बाय गेली तर ती बॅट्समनला मिळत नाही, बोलरच्या माथीही मारत नाहीत. ज्याचं त्याच्या पदरात टाकायची ती सवय माझ्या हाडात भिनलेली. म्हणून मी क्लबाच्या हँडीकॅमच्या टेप घरी आणल्या आणि त्या पाच जणांचा स्कोअर लिहायला बसलो. कुठल्या डावात त्यांनी अडवून धरलं, कुठल्या डावात भगदाड पडलं, आणि त्या त्या वेळी बॉसने काय केलं.

मुलगी शेजारी बसून "पापा, लांगवाइलिग!" म्हणून कंटाळ्याने ओरडायची. तिचं बरोबरच होतं.

उत्तर मात्र स्वच्छ आलं. पाच जणांनी अडवून धरलं की बॉस राजासारखा खेळे. भगदाड पडलं की कुणीही गांगरेल तसा गांगरे. तो जखमी होता तेव्हा त्याच्या जागी खेळलेला राखीव खेळाडूही, पुढची फळी टिकली की, तितकंच बरं खेळला होता. बॉस खेळतो तेव्हा क्लब जिंकतो हे खरं होतं, पण हरतो तेव्हाही बहुधा तोच खेळत असे.

"हे असंच सांगणार आहेस त्याला?" बायकोने विचारलं. "डोकं ठिकाणावर आहे ना? डिसेंबर जवळ आलाय."

"इथे लोकांना स्पष्ट बोललेलं आवडतं," मी म्हटलं.

"दुसऱ्याबद्दल बोललेलं आवडतं," ती म्हणाली.

मी स्पष्टच सांगितलं. बॉसने आलेख पुन्हा पुन्हा पाहिले, त्याचे कान लाल झाले, आणि मग तो एकदम हसला. "ऊम्सो बेसर! मग तर उत्तमच! जिंकणं क्वार्टरबॅकवर अवलंबून नसेल तर तो अमेरिकन आणायचा कशाला?"

कार्यकारिणीपुढे त्याने माझ्याकडून हेच वदवून घेतलं. सगळ्यांनी जर्मन पद्धतीने, टाळ्यांऐवजी, टेबलावर बोटं वाजवली. अमेरिकन बारगळला, बॉस कायम राहिला. त्या पाच गड्यांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मला बिअर पाजली गेली, आणि खरं बोलूनही आपलं भलं होतं या समजुतीत मी तरंगत घरी आलो. किती खूश होतो मी! आठवलं की आजही स्वतःची कीव येते.

नोव्हेंबरमध्ये मालकाने बोलावलं. बॉस शेजारी बसला होता. मी तयारी करून गेलो होतो. पद्धत मी बसवली, ती बसवल्यापासून परत येणारे गिअरबॉक्स कमी झाले, हे मांडलं. मालकाने बॉसकडे पाहिलं.

"यानेच आम्हाला क्लबात शिकवलंय," बॉस अगदी कौतुकाने म्हणाला. "विजय एका माणसाच्या नावावर लिहिता येत नाही. तपासणीचा बेंच वर्कशॉपने उभा केला, मोजमापं सगळ्यांनी घेतली. हे टीमचं यश आहे."

"गेनाऊ, अगदी बरोबर," मालक म्हणाला.

तरी मी म्हटलं, "मग त्या राखीव खेळाडूवरून लावली तीच कसोटी लावा. मी सुट्टीवर भारतात गेलो होतो तेव्हा परत येणारे गिअरबॉक्स किती वाढले ते बघा."

बॉसने मान हलवली. "आल्झो, हे बघ, ते थोडेच आठवडे होते. इतक्या थोड्या आकड्यांवरून निष्कर्ष काढू नये, हे तूच सांगतोस ना?"

माझंच शस्त्र, माझ्याच गळ्यावर. आणि तो खोटंही बोलत नव्हता, हे मला जास्त झोंबलं. फक्त टीमचं ते यश पुढच्या आठवड्यात त्याच्या नावावर जमा झालं. तो विभागप्रमुख झाला. कायमची जागा त्याने वर्कशॉपमधल्या एका ओळखीच्याला दिली. वाटून घ्यायची वेळ येते तेव्हा श्रेय खाली सगळ्यांत वाटलं जातं आणि वर एकाच्याच खिशात साठतं. हे गणित मला कुणी शिकवलं नव्हतं.

घरी सांगितलं तेव्हा बायको "बघ, मी म्हटलं नव्हतं?" असं म्हणाली नाही. तिने घरमालकाला नोटीस द्यायची कधी, एवढंच विचारलं. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

नोकरी सोडताना तिथे जाणाऱ्यानेच सगळ्यांना खाऊ घालायचं असतं. बायकोने रात्री जागून करंज्या केल्या. तळताना ती रडली, ते मी पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं. बॉसने छोटं भाषण केलं, मी खरा टीमचा माणूस आहे म्हणाला, आणि एक करंजी मोडून तोंडात टाकली. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "दुपारी थोडा वेळ बसशील का? तुझी ती पद्धत इथे दुसऱ्या कुणालाच चालवता येत नाही."

त्याला आपण काय बोललो ते कळलंही नव्हतं. निळे डोळे अगदी स्वच्छ, ओठाला पिठीसाखर लागलेली. माझं शिफारसपत्र त्याच्या सहीशिवाय मिळणार नव्हतं.

मी बसलो. तो वही उघडून विचारत होता, ही मर्यादा इथेच का ठेवली, तो आवाज का गाळला. मी आवाज चढू दिला नाही. एकेक गोष्ट सावकाश सांगितली, त्याला समजली नाही तिथे पुन्हा सांगितली, आणि तो "आता जमेल मला" म्हणेपर्यंत उठलो नाही.