चेहरा नसलेलं चित्र

माझे यजमान शाळेत ड्रॉइंग मास्तर. सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या निम्म्या घरांत यांनी रंगवलेले कुणाचे ना कुणाचे वाडवडील भिंतीवर टांगलेले असायचे. आणि आमच्या एकुलत्या एक लेकीचं मात्र एकही चित्र नव्हतं. हे सांगितलं की लोकांना नवल वाटतं. वाटू दे.

त्याला कारण माझे सासरे. मामंजी देवळात पुजारी. वाढत्या पोराची छबी उतरवली की त्याचं आयुष्य घटतं, असं त्यांचं ठाम म्हणणं. फोटो नाही, चित्र नाही, पाटीवर नुसतं नाकडोळंसुद्धा नाही. यांना ते पटत नव्हतं, पण वडिलांपुढं तोंड उघडायची टाप कुणाची? मोठी झाली की काढू, घाई काय, असं म्हणून हे गप्प बसले.

गिरणीतला कुणी साहेब विलायतेला परत गेला, तेव्हा त्याच्या सामानातला चावीचा ग्रामोफोन यांनी घरी आणला. सोबत एकच तबकडी, जॅझची. पहिल्यांदा लावली तेव्हा मला वाटलं, वरातीतल्या बँडवाल्यांची भांडणं लागलीत. हे मात्र कान लावून बसायचे. मला समजावायचे, तो कर्णेवाला ठरलेली चाल सोडून भटकायला जातो, मनाला येईल ते वाजवतो आणि वेळेवर घरी येतो. आपले गवई समेवर येतात की, तसंच. डोंबलाचं तसंच, असं म्हणून मी चुलीकडं वळायची.

पोरीला ते कुणी समजावून सांगावं लागलं नाही. चावी दिली की पिवळा परकर दोन्ही हातांनी धरून नाचायला लागायची, रोज वेगळंच काहीतरी. तबकडीला मध्ये एक चरा होता. तिथं सुई अडकायची आणि तेच ते वाजत राहायचं. मग ही बया एक पाय उचलून, गाल फुगवून तिथंच उभी! यांनी बोटानं सुई पुढं ढकलली की उडी मारून पुन्हा सुरू. मामंजीसुद्धा पोथी बाजूला ठेवून बघत बसायचे.

सातवं लागलं आणि घटसर्पानं गेली. घसा सुजला, श्वास कोंडला आणि आम्ही तिघं नुसते बघत राहिलो. याहून जास्त मला लिहवत नाही.

मग मी एकच धोशा लावला, मला तिचा चेहरा काढून द्या. शाळेतून आले की हे कागद घेऊन बसायचे. पेठेतल्या गेलेल्या माणसांचे चेहरे यांनी फोटोंवरनं काढलेले. इथं समोर ठेवायला काहीच नव्हतं. नाक सरळ, डोळे सुबक, पण पोर दुसऱ्याच कुणाची. ही नाही, असं मी म्हणायची आणि हे कागद फाडायचे. माझा जीव वरखाली व्हायचा, कारण माझ्याही डोळ्यांपुढनं ती रोज थोडी थोडी पुसली जात होती.

एका रविवारी यांनी ग्रामोफोन बाहेर काढला. ती गेल्यापासून कुणी हात लावला नव्हता. जमिनीवर मोठा कागद पसरला, तबकडी लावली आणि वाजेल तसा कुंचला चालवायला लागले. आधी पिवळे फटकारे, मग त्यांत लाल, निळा. चावी संपली की रंगलेल्या हातानंच पुन्हा द्यायचे. तबकडी अडकली की हातही थांबायचा. दुपारपर्यंत कागद रंगांनी भरला. मधोमध तेवढी तळहाताएवढी जागा कोरी राहिली. मी पुढून बघितलं, बाजूनं बघितलं. नाक नाही, डोळा नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"मी चेहरा मागितला होता. यात माझी पोर कुठंय?"

हे कुंचला धूत राहिले. मग म्हणाले, "चेहरा गेला गं. माझ्याकडं एवढंच राहिलंय."

ते यांनी माजघरात टांगलं. मास्तरांच्या डोक्यावर परिणाम झाला, असं पेठेतल्या बायका म्हणायला लागल्या. मला ते खरंच वाटायचं. मी त्या भिंतीकडं पाठ करून जेवायला वाढायची.

वर्ष फिरून आलं. एवढ्या लहान पोरांचं श्राद्ध नसतं, हे मामंजींनीच जन्मभर लोकांना सांगितलेलं. तरी त्या सकाळी ते वाटीत गंध उगाळून घेऊन आले आणि चित्रासमोर उभे राहिले. रोज देवाच्या कपाळी गंध लावणारं ते बोट वर गेलं, रंगांवरनं इकडंतिकडं फिरलं. कपाळ सापडेना. मग माझ्याकडं वळले.

"सूनबाई, कुठं लावू गं?"

काढू दिलं असतं तर, असं अगदी जिभेवर आलं होतं. पण गंधाचं बोट तसंच वर धरून ते माझ्याकडं बघत होते. मी चित्राकडं बघितलं, आणि तेव्हा कुठं मला ती कोरी जागा कळली. सगळे रंग धावत येऊन तिथं अडकले होते. मी मामंजींचं मनगट धरलं आणि बोट तिथं नेलं.

"इथं," मी म्हणाले. "इथं ती थांबायची."

तो गंधाचा ठिपका कागदावर अजून आहे. तिचा चेहरा मला आता आठवत नाही.